मत दिल्लीला, मार गल्लीत

(युवक अभ्यासशिबिरात केलेलं भाषण. बोललं तसंच, फार न घासता छापलं आहे.)



मला विषय दिलाय, 'विधानसभेच्या निवडणुकीत मतदार कशावर मत देतो? राज्याच्या प्रश्नांवर की देशाच्या?' विषय ज्याने ठरवला त्याला वाटलं असणार, हा गडी चार आकडे फेकेल, तास खाईल, मग चहा. आकडे आणलेत. पण आधी बूथवरची गोष्ट सांगतो.

२०२४ साली मी आमच्या वस्तीतल्या म्युनिसिपालटीच्या शाळेबाहेर दोनदा टेबल टाकून बसलो. एकदा २० मे ला, लोकसभेला. एकदा २० नोव्हेंबरला, विधानसभेला. तीच शाळा, तेच वर्ग, यादीतून नावं शोधून चिठ्ठ्या लिहिणारी पोरंही तीच. मे मधलं ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. आमच्या चाळीतली एक मावशी, गुडघ्यांनी पार गेलेली, पोराच्या खांद्यावर हात टाकून आली. म्हटलं, मावशी, कशाला एवढ्या उन्हात? तर म्हणाली, "बाबासाहेबानं लिवलेलं पुसाया निघाल्यात आन् मी घरात बसू?"

नोव्हेंबरला तीच मावशी आली. या खेपेला सोबत सून. सुनेच्या खात्यात पंधराशे पडत होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "तवाचं मत बाबासाहेबासाठी व्हतं. आताचं घरासाठी हाय. दोन्ही माझीच हायेत, काय समजलास?"

टेबलावरच्या एका पोराने तोंड वाकडं केलं. म्हणाला, विकली गेली म्हातारी. त्या दिवशी मी गप्प बसलो. गर्दी होती, काम होतं, हे सगळं खरं. पण मी गप्प बसलो हेही खरं. आज बोलणार आहे.

आता आकडे घ्या. लोकसभेला महाराष्ट्रात ४८ जागा. २०२४ च्या जूनमध्ये निकाल लागला तेव्हा महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७, आणि सांगलीत एक अपक्ष. अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर ह्या अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या पाचच्या पाच जागा आघाडीने घेतल्या. पाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल. २८८ पैकी महायुतीला २३०. एकट्या भाजपला १३२. आघाडीचे तीन पक्ष मिळून ४६. मतदान ६१ टक्क्यांच्या आसपास होतं ते ६६ वर गेलं. मधल्या काळात मतदारयाद्यांत नावं कशी वाढली यावर विरोधी पक्षांनी शंका घेतल्या. ते भांडण भांडायलाच पाहिजे, यादीतलं प्रत्येक नाव तपासायला पाहिजे. पण सगळा उलटफेर याद्यांच्या गळ्यात बांधून मोकळं होऊ नका. तसं केलं की आपण मावशीचं ऐकायचं टाळतो.

दरम्यान झालं काय? २८ जून २०२४ ला राज्याच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली. महिन्याला १,५०० रुपये. मतदानाच्या आधी पाच हप्ते म्हणजे ७,५०० रुपये दोन कोटींहून जास्त बायांच्या खात्यात पडले. महायुती म्हणाली पुन्हा आलो तर २,१०० देऊ. आघाडी म्हणाली आम्ही ३,००० देऊ. म्हणजे ज्यांनी मे महिन्यात 'संविधान वाचवा' म्हणून मतं मागितली, ते नोव्हेंबरात फक्त बोली वाढवत होते. एकाने हातात दिले होते, दुसरा तोंडाने देत होता. बाईने हातातले मोजले. यात बाईचा काय गुन्हा?

कारखानदाराला जमीन फुकटात दिली, वीज सवलतीत दिली की ते 'औद्योगिक धोरण'. साखर कारखान्याचं कर्ज सरकारने डोक्यावर घेतलं की तो 'सहकाराला हातभार'. आणि भांडी घासणाऱ्या बाईला पंधराशे मिळाले की ती विकली गेली! ही भाषा आपली नाही, दोस्तहो. ही गावच्या चावडीवरची भाषा आहे. महारा-मांगांची मतं दारूच्या बाटलीवर मिळतात असं जी माणसं पिढ्यान् पिढ्या म्हणत आली, त्यांची भाषा आपल्या पोरांच्या तोंडात आली कशी, याचा आधी विचार करा. पंधराशेवर माझा राग आहे, तो पुढे सांगतो. पण तो मावशीवर नाही.

आता मूळ प्रश्न. मतदाराला दिल्लीचं मत आणि राज्याचं मत यातला फरक कळतो का? पुस्तकी लोक म्हणतात लाट असते, लाटेत सगळं वाहून जातं. माझं म्हणणं, कळतो, चांगला कळतो. १९८४ च्या डिसेंबरात इंदिरा गांधींच्या हत्येनंतर लोकसभेची निवडणूक झाली. देशाचा प्रश्न यापेक्षा मोठा काय असणार? कर्नाटकात काँग्रेसने २८ पैकी २४ जागा मारल्या. तीन महिन्यांनी, मार्च १९८५ ला, त्याच कर्नाटकाने विधानसभेला रामकृष्ण हेगड्यांच्या जनता पक्षाला २२४ पैकी १३९ जागा दिल्या. आपल्याकडे त्याच लोकसभेला काँग्रेसला ४८ पैकी ४३, आणि मार्चमध्ये विधानसभेला २८८ पैकी १६१. सत्ता राहिली पण लाट ओसरली. ओडिशात २०१९ ला दोन्ही मतदानं एकाच वेळी झाली. विधानसभेला नवीन पटनायकांच्या बिजू जनता दलाला ११२ जागा, भाजपला २३. आणि लोकसभेला त्याच लोकांनी भाजपला २१ पैकी ८ खासदार दिले. एकाच रांगेत उभं राहून माणूस दोन यंत्रांवर दोन वेगळी बटणं दाबून आला.

महाराष्ट्राचंच बघा. १९९९ च्या सप्टेंबरात इथेही दोन्ही मतदानं एकत्र झाली. लोकसभेला शिवसेना-भाजपला ४८ पैकी २८ जागा. विधानसभेला त्याच युतीला १२५, आणि वेगवेगळे लढलेल्या काँग्रेसला ७५, राष्ट्रवादीला ५८. सरकार युतीचं आलं नाही. दिल्लीत वाजपेयी चालतील, मंत्रालयात तुम्ही नको, असं म्हणणारा बराच माणूस त्या रांगेत उभा होता.

आणि २०१९ चं ऑक्टोबर. ५ ऑगस्टला काश्मीरचं ३७० कलम गेलं. भाजपने महाराष्ट्राच्या विधानसभेचा प्रचार त्यावर केला. सांगली-कोल्हापुरात ऑगस्टच्या महापुरात घरं गेलेली, जनावरं गेलेली, आणि सभेत ऐकायला काय मिळालं तर श्रीनगर! भाजपच्या १२२ च्या १०५ झाल्या. हरयाणातही तोच प्रचार, तिथे ४७ च्या ४०. ३७० च्या बाजूचा माणूसही विचारत होता, ते झालं ते झालं, माझ्या पिकाचं काय?

तेव्हा मतदार गोंधळलेला नाही. गोंधळ घालतात ते पक्ष. ज्याच्यापाशी राज्यात दाखवायला काही नसतं तो दिल्लीचा झेंडा फडकावतो. ज्याला दिल्लीतल्या कारभाराचा जाब द्यायचा नसतो तो म्हणतो हा स्थानिक प्रश्न आहे. देशाचा प्रश्न आणि राज्याचा प्रश्न यांच्यामधली रेघ राज्यशास्त्राच्या पुस्तकात असेल, पण निवडणुकीत ती पुढारी मारतो, आपल्या सोयीने मारतो, आणि दर खेपेला वेगळ्या जागी मारतो.

ही रेघ आपल्याला कशी कापत आली, तो इतिहास तुम्हा पोरांना ठाऊक पाहिजे. ऑगस्ट १९३६ ला बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ ला मुंबई प्रांताची निवडणूक. काँग्रेस म्हणत होती, स्वराज्य. बाबासाहेब स्वराज्याच्या विरुद्ध नव्हते. पण त्यांनी प्रांतिक निवडणुकीत प्रांताचे प्रश्न मांडले : खोती, महार वतन, गिरणी कामगार, सावकार. आणि चांगले डझनभराहून जास्त आमदार निवडून आणले. निवडून आल्यावर झोपले नाहीत. सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करायचं बिल मांडलं, जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर आणले. त्यात महार होते आणि कुणबीही होते. प्रश्न जमिनीचा होता म्हणून दोघं एकत्र आले.

मग १९४६. निवडणूक प्रांताचीच. पण आता देशभर एकच सवाल : इंग्रज जाणार केव्हा, पाकिस्तान होणार की नाही. एका बाजूला काँग्रेस, दुसऱ्या बाजूला लीग. मधे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा धुव्वा उडाला. पुणे कराराची संयुक्त मतदारसंघाची सुरी होतीच, आपला उमेदवार आपल्या मतांनी पुढे यायचा आणि सवर्णांच्या मतांनी पडायचा. त्यावर राष्ट्राच्या प्रश्नाचा नांगर फिरला. प्रांताच्या निवडणुकीत राष्ट्राचा प्रश्न घुसला की सगळ्यात आधी गाडला जातो तो गावकुसाबाहेरच्या माणसाचा प्रश्न. हा धडा १९४६ चा आहे. आपण तो दर वेळी नव्याने शिकतो आणि दर वेळी विसरतो.

पण एकतर्फी बोलणार नाही. उलटंही झालंय. गल्लीतला मार आपण दिल्लीच्या मतपेटीत नेऊन दाखवलाय. १९७२ ला बावड्याला आपल्या लोकांवर बहिष्कार, ब्राह्मणगावला बायांची नग्न धिंड. गाव राज्याचं, पोलीस राज्याचे, मंत्री राज्याचे. आणि जानेवारी १९७४ ला मध्य-दक्षिण मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक लागली. पँथरने ५ जानेवारीला वरळीच्या सभेत बहिष्कार पुकारला. खेड्यात आमच्यावर अत्याचार होतात, तुमच्या खासदारकीला आमचं मत कशाला? सभेवर दगड, मग पोलिसांच्या लाठ्या, मग बीडीडी चाळीत दंगल. १० जानेवारीच्या मोर्च्यात भागवत जाधव मारला गेला. वरून टाकलेल्या पाट्याने. निवडणुकीत काँग्रेसचा उमेदवार पडला, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे आल्या. निवडणूक दिल्लीची, दगड वरळीचा, कारण खेड्यातलं. कुठे मारणार तुम्ही रेघ?

१९९७. ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, आणि जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांचा गोळीबार. दहा माणसं मेली. सरकार शिवसेना-भाजपचं. त्याच सरकारने मराठवाड्यातले अत्याचार कायद्याखालचे हजारावर खटले मागे घ्यायचं ठरवलं होतं. गोळी राज्याची. पण पुढची निवडणूक लागली ती लोकसभेची, १९९८ ला. लोकांनी म्हटलं, चला, हीच पेटी सापडली. काँग्रेस-रिपब्लिकन युतीला ४८ पैकी ३७ जागा. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले, असे रिपब्लिकनांचे चार खासदार, चारही सर्वसाधारण जागांवरून! राखीव जागेची कुबडी न घेता. लोक एक झाले होते. पुढाऱ्यांना ती एकी वर्षभरही पचली नाही. वर्षाच्या आत ज्याचा त्याचा गट, ज्याची त्याची गाडी. पेटी लोकांनी भरली, पुढाऱ्यांनी वाटून खाल्ली.

म्हणजे माझं म्हणणं असं : आपला माणूस फरक ओळखतो, पण त्याला वाट बघायची सोय नाही. मार आज बसलेला असतो. पेटी जी आधी येईल तिच्यात तो आपलं उत्तर टाकतो. मे २०२४ ला त्याने तेच केलं. सत्ताधारी पक्षाच्या काही खासदारांनी-उमेदवारांनी तोंड उघडलं की घटना बदलायला चारशे पाहिजेत. वस्तीवस्तीत हे एका रात्रीत पोचलं. कुठल्या पुढाऱ्याने सांगायची गरज पडली नाही. २०१९ ला वंचित आघाडीला लोकसभेत सुमारे ४१ लाख मतं पडली होती. २०२४ ला त्यातला मोठा हिस्सा पुढाऱ्याला न विचारता उठला आणि जिथे सत्ताधारी पडेल तिथे जाऊन पडला. ते मत कुठल्या पक्षाच्या प्रेमाचं नव्हतं. ते राखणदाराचं मत होतं.

आणि इथेच आपली चूक झाली. तुमची-माझी, शिकलेल्या पोरांची. आपण समजलो, संविधान म्हणजे दिल्ली. दिल्लीची निवडणूक झाली, चारशे झाले नाहीत, संविधान वाचलं, घरी चला. अरे पण संविधान राहतं कुठे? घटनेची सातवी अनुसूची उघडा. तीन याद्या आहेत. राज्याच्या यादीत काय आहे? पोलीस. जमीन. पाणी. शेती. दवाखाना. ग्रामपंचायत, नगरपालिका. आता तुमच्या गावातल्या आत्याला विचारा तिला आयुष्यात कोण कोण नडलं. फौजदार, तलाठी, पाणवठा, दवाखाना, ग्रामसेवक. सगळे राज्याच्या यादीतले! बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला बजावून ठेवलं होतं की घटना कितीही चांगली असो, राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल. राबवणारा बसतो मंत्रालयात आणि तहसील कचेरीत.

अत्याचार प्रतिबंधक कायदा घ्या. कायदा संसदेचा, १९८९ चा. पण गुन्हा नोंदवणार राज्याचा पोलीस, तपास करणार राज्याचा डीवायएसपी, खटला चालवणार राज्याने नेमलेला सरकारी वकील. १९९५ च्या नियमांत लिहिलंय, मुख्यमंत्र्याच्या अध्यक्षतेखाली राज्याची दक्षता समिती, तिची बैठक वर्षातून निदान दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. जिल्ह्याला कलेक्टरची समिती, तिची बैठक दर तीन महिन्यांनी. नोव्हेंबर २०२४ च्या प्रचारात आमच्या भागात दोन्हीकडच्या सभा मी ऐकल्या. एकाही वक्त्याने हा शब्द काढला नाही. आणि त्याहून लाज वाटायची गोष्ट, खाली उभ्या असलेल्या आपल्यापैकी एकानेही विचारला नाही. मी पण नाही.

शिष्यवृत्ती घ्या. मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती, केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. कॉलेजात पोरगी फीसाठी खेटे घालते तेव्हा दिल्लीवाला मुंबईकडे बोट दाखवतो, मुंबईवाला दिल्लीकडे. पोरगी मधे उभी. हा प्रश्न राज्याचा की देशाचा? तिला सांगा आधी रेघ ठरू दे, मग फी भर.

आणि आता पंधराशेवरचा माझा राग. मे २०२५ ला बाहेर आलं की सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी रुपये लाडक्या बहिणीकडे वळवले. आदिवासी खात्याचेही तीनशे कोटींच्या वर. खात्याचा मंत्रीच जाहीरपणे कुरकुरला. म्हणजे बघा राव, मावशीच्या सुनेला पंधराशे दिले ते कुठून? तिच्याच लेकीच्या वसतिगृहाच्या, शिष्यवृत्तीच्या खात्यातून! एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातले आणि वर फोटो छापला. आंध्रने २०१३ ला कायदा केला, कर्नाटकाने २०१३ ला केला, तेलंगणाने २०१७ ला, राजस्थानने २०२२ ला, की अनुसूचित जाती-जमातींसाठी ठेवायचा निधी किती आणि तो कसा खर्चायचा. कर्नाटकात कायदा असूनही पैसा वळवल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा कायदा म्हणजे जादूची कांडी नव्हे. पण कायदा असला तर कोर्टात भांडायला हातात काठी तरी असते. महाराष्ट्रात, बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात, २०२४ च्या निवडणुकीत ही मागणी जाहीर सभेतून किती वेळा ऐकलीत तुम्ही?

गायरान घ्या. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचा सरकारी निर्णय १९९१ ला निघाला. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची घातली. तारखेचा मान केला, पण पिढी गेली तरी सातबाऱ्यावर नाव चढलं नाही असे किती लोक कसताहेत. जमीन राज्याच्या यादीत आहे. आमदाराला विचारायचा प्रश्न आहे हा, पंतप्रधानाला नव्हे.

आणि परभणी. २३ नोव्हेंबरला निकाल लागला. सतरा दिवसांनी, १० डिसेंबर २०२४ ला, परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. लोक रस्त्यावर उतरले. मग पोलिसांनी वस्त्यांत शिरून धरपकड केली. त्यातला एक पोरगा, कायद्याचं शिकणारा, १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा हे सांगायला उच्च न्यायालयाला जुलै २०२५ उजाडावा लागला. ज्या संविधानासाठी मावशी उन्हात आली, त्याच संविधानासाठी तो पोरगा रस्त्यावर आला. दिल्लीच्या मतपेटीत आपण जिंकलो होतो ना? मग हा मेला कसा? कारण लाठी दिल्लीची नव्हती. लाठी त्या यादीतली होती जिच्याबद्दल आपण नोव्हेंबरात एक शब्द विचारला नाही.

आणखी एक दुखणी जागा दाबतो. १ ऑगस्ट २०२४ ला, बरोबर दोन निवडणुकांच्या मधे, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी निकाल दिला की अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण करायचा अधिकार राज्याला आहे. महाराष्ट्राच्या यादीत ५९ जाती. मातंग समाजातून ही मागणी कितीतरी वर्षांची. आपण काय केलं? आपल्यातल्या पुष्कळांनी 'फोडायचा डाव आहे' म्हणून हात झटकले. डाव असेलही. पण ज्याच्या घरात पहिली सरकारी नोकरी अजून यायची आहे त्या मातंग भावाच्या घरी जाऊन बसलो का आपण? त्याला विचारलं का, तुझं म्हणणं काय? आपण गेलो नाही, तिकडे दुसरे गेले. मग नोव्हेंबरात राखीव जागांचे आकडे बघून कपाळाला हात लावायचा. १९३८ ला महार-कुणबी एका मोर्च्यात चालले, आणि आपल्याला एका वॉर्डातली दोन घरं जोडता येत नाहीत.

आता शेवटचं. १७ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत एक विधेयक मांडलं, घटनेची १२९ वी दुरुस्ती, लोकसभा आणि विधानसभांची निवडणूक देशभर एकाच वेळी घ्यायची. ते संयुक्त समितीकडे गेलं. खर्च वाचतो म्हणतात. ओडिशाचा, १९९९ चा दाखला देऊन कुणी म्हणेल, एकत्र घेतलं तरी मतदार फरक करतोच की. करतो. पण मे आणि नोव्हेंबर यांच्यामधे पाच महिने होते म्हणून सत्तेला बाईच्या दारात यावं लागलं, पैसे घेऊन का होईना. पाच वर्षांत एकदाच रांग लागली तर मधल्या काळात कुठल्या पेटीत टाकणार तुम्ही रमाबाई नगरचं उत्तर? आपल्यासारख्यांपाशी दुसरं आहे काय? पेपर नाही, चॅनल नाही, कारखाना नाही. दोन मतं आहेत, दोन वेगळ्या वेळी द्यायची. मावशीने सांगितलं ना, दोन्ही माझीच हायेत. त्यातलं एक दुसऱ्यात मिसळून टाकायचा हा डाव आहे, एवढं नीट ओळखून ठेवा.

करायचं काय? भाषण संपलं की पोरं हे विचारतात, आणि वक्ता म्हणतो संघर्ष करा. मी कामच सांगतो. पुढच्या विधानसभेची वाट बघू नका, आजपासून प्रत्येक वॉर्डात एक वही घाला. जिल्ह्याच्या दक्षता समितीची बैठक कधी झाली, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून लिहून ठेवा. आपल्या भागातल्या किती पोरापोरींची शिष्यवृत्ती अडली, नावानिशी लिहा. अत्याचाराच्या किती केसेस कोर्टात पडून आहेत, सरकारी वकील कोण, लिहा. सामाजिक न्यायाचा पैसा किती आला, किती वळवला, लिहा. मातंग, चर्मकार, ढोर, होलार, भटका-विमुक्त, सगळ्या घरांत ही वही फिरू दे, त्यांचे प्रश्न त्यांच्याच तोंडून लिहा. मग उमेदवार दारात आला, निळा रुमाल गळ्यात घालून आला, बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून आला, की त्याला 'संविधान मानतोस का' असं विचारू नका. सगळेच मानतात! वही उघडा आणि विचारा, समितीची बैठक किती वेळा झाली? आमदार होतास तेव्हा किती वेळा विचारलंस? तो घाम पुसेल. पुसू दे.

विधानसभेत मतदार राज्याच्या प्रश्नावर मत देतो की देशाच्या, हा तुमचा विषय होता. माझं उत्तर असं आहे : जो प्रश्न त्याच्या दारापर्यंत कुणीतरी आणून पोचवतो, त्यावर तो मत देतो. नोव्हेंबरात पंधराशे पोचले. आपला प्रश्न पोचला नाही, कारण आपण तो नेलाच नाही.

त्या दिवशी टेबलावर मी मावशीला उत्तर दिलं नव्हतं. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो. नातीची शिष्यवृत्ती आली का विचारलं. म्हणाली, न्हाई. वहीत पहिलं नाव तिचं घातलंय. दुसरं तुम्ही घाला.

जयभीम.